सुनंदाताईंचा अंगठा

पिंपळे गुरवच्या थांब्यावर सुनंदाताई ढगे कंपनीच्या बसमध्ये चढल्या की आधी मागं वळून दार ओढून बघायच्या. दार ड्रायव्हरनं लावलेलं असायचं, नीटच लागलेलं असायचं, तरी ओढायच्या आणि मगच जागेवर बसायच्या. ड्रायव्हर सुरुवातीला चिडला, मग थट्टा करू लागला, आणि शेवटी त्यालाच सवय लागली. एकदा ताई रजेवर होत्या. गाडी थोडी पुढं जाऊन थांबली आणि ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "कुणीतरी दार ओढा राव, मला चैन पडंना." मी उठून दार ओढलं तेव्हा कुठं गाडी हलली.

ही सवय कामावरची. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत वायरिंग हार्नेस बनायचं, म्हणजे गाडीच्या पोटातून दिव्यापासून हॉर्नपर्यंत जाणारा तारांचा जुडगा. प्रत्येक तारेच्या टोकाला एक बारीक धातूची पिन असते, तिला टर्मिनल म्हणतात. ते टर्मिनल प्लास्टिकच्या कनेक्टरच्या भोकात अंगठ्यानं ढकलायचं. नीट बसलं की खटका वाजतो. खटका ऐकला की तार हलकेच मागं ओढून बघायची, आली नाही तर काम झालं. ढकल, ऐक, ओढ. हे तीन शब्द रंगीत अक्षरात भिंतीवर लिहून घ्यायचं काम ट्रेनिंग विभागाचं, म्हणजे माझंच होतं. मी तो फलक मोठ्या हौसेनं लावला होता. एकाही मुलीनं तो कधी वाचल्याचं मला आठवत नाही. त्या शिकल्या त्या ताईंच्या आवाजावर. लाइनच्या एका टोकाला उभं राहून ताई ओरडायच्या, "खटका वाटला न्हाई पायजे गं, ऐकू आला पायजे!" आणि दुसऱ्या टोकाच्या मुलीचा हात आपोआप तार ओढायचा.

ताई बीडकडच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडं आल्या, हेल्पर म्हणून लागल्या आणि लाइन लीडर झाल्या. ठेंगण्या, रुंद खांद्याच्या, आणि बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची खोड. गॅसचा रेग्युलेटर, पाण्याच्या बाटलीचं बूच, माझ्या खिशाला लावलेलं पेन, जे काही बसवलेलं दिसेल ते त्या ओढून बघायच्या. त्यांची लाइनवरची मैत्रीण शोभा महाळुंग्याचीच, गावातल्या जुन्या घरातली. तिच्या मुलीच्या लग्नात नवरदेवानं मंगळसूत्र घातलं आणि ताई पुढं झाल्या, नवरीच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि हूक ओढून बघितला. गुरुजी मंत्र थांबवून बघत राहिले.

"तुमचं चालू द्या गुरुजी," ताई म्हणाल्या. "मला खटका ऐकू आला न्हाई, म्हणून बघितलं."

शोभा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि नवरदेव बिचारा उगाचच घाबरला होता.

पण ताईंची खरी ओळख मला पटली ती एका तक्रारीच्या वेळी. गाडीवाल्या कंपनीकडून निरोप आला, एका नव्या कोऱ्या गाडीचा मागचा दिवा मधेच विझतो. हार्नेसवरच्या चिठ्ठीवरून लाइन कळली, ती ताईंची होती. प्लांटचे प्रमुख पाटकर साहेब यांनी सगळ्यांना बोलावलं. अशा बैठकीत काय होतं ते मला पाठ आहे. प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याच्या अंगणात बोट दाखवतो आणि शेवटी 'ट्रेनिंग कमी पडलं' असं म्हणून ते माझ्या गळ्यात येतं. मी तयारीनं गेलो होतो. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या जागंवरची पोरगी त्या दिवशी रजेवर होती. मी सोताच बसले होते. खटका ऐकल्यासारखं वाटलं, म्हणून ओढलं न्हाई. माझी चूक हाय."

त्या बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. पाटकरांनी रागावायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

त्यानंतर ताई प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ही स्वतःची गोष्ट सांगायच्या. अगदी रंगवून सांगायच्या, कुठंतरी अंधाऱ्या घाटात ती गाडी, मागून येणारा ट्रक, विझलेला दिवा. आणि शेवटी म्हणायच्या, "दिवा लागंना म्हणून दिव्याकडंच बघत बसायचं न्हाई. तार धरायची अन् दुसऱ्या टोकाला जायचं."

नव्या मुलीच्या दंडाला आमच्याकडं पिवळी पट्टी बांधतात. माझ्या खोलीत परीक्षा द्यायची, पास झाली की पट्टी सुटते. तोवर एक गोष्ट हमखास होते. दिवसभर टर्मिनलं ढकलून मुलीचा अंगठा सुजतो, टम्म होतो. मग लाइनवरच्या बायका पिवळ्या पट्टीवरून तिची थट्टा करतात, हळद-चुन्याचा लेप लावतात, आणि तिला थोडे दिवस टेपिंगला बसवतात. तिथं तारांवर नुसती टेप गुंडाळायची असते, अंगठ्याला आराम मिळतो. सूज उतरते. हळूहळू कातडं जाड होतं आणि मग तो अंगठा पुन्हा कधी सुजत नाही. सुनंदाताईंचा उजवा अंगठा तर इतका घट्ट झाला होता की शोभा म्हणायची, "हिच्या अंगठ्याला चटका बसत न्हाई. चुलीवरची भाकर नुसत्या हातानं फिरवती."

त्या हिवाळ्यात तोच अंगठा सुजला.

लाइनवर आनंदीआनंद झाला. शोभानं माझ्या खोलीतून पिवळी पट्टी पळवली आणि ताईंच्या दंडाला बांधली. "आली गं आली, नवी पोरगी आली! कुठल्या गावची हाय म्हनं?"

"बीडची," ताई मान खाली घालून लाजत म्हणाल्या. "लगीन झालंय, स्थळं आणू नका."

पट्टी त्यांनी दिवसभर मिरवली. हळद-चुना झाला, गरम पाण्यात मीठ टाकून शेक झाला. कंपनीच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरांनी आजवर इतके सुजलेले अंगठे बघितले होते की मान वर न करता गोळ्या लिहिल्या. आमच्यापैकी कुणालाच यात वेगळं काही दिसलं नाही. अंगठा सुजणं हे आमच्याकडं सर्दी होण्याइतकं रोजचं होतं. ताई टेपिंगला बसल्या.

सूज उतरली नाही. नख उचलल्यासारखं दिसू लागलं. एका सकाळी बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. अंगठा त्यांनी ओढणीत गुंडाळला होता.

"सर, पोरी टेपिंगला बसल्या की अंगठा उतरतो. माझा कामून उतरंना?"

"वय झालं आता ताई," मी म्हणालो. थट्टेची सवय लागली की ती लवकर सुटत नाही.

त्या हसल्या नाहीत. "वयानं कातडं जाड व्हतंय, पातळ न्हाई. ह्या अंगठ्याला सुजायचं काही कारणच न्हाई. काम बंद केलं तरी सूज हाय, म्हंजी ही कामाची सूज न्हाई. आपण सगळे नुसतं अंगठ्याकडं बघायलोत."

त्या दिवशी त्या कंपनीत आल्याच नाहीत. मधेच उतरल्या आणि हाडांच्या डॉक्टरकडं गेल्या.

एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या टोकाचं हाड कुरतडल्यासारखं दिसलं. डॉक्टरांना आधी जुना जंतुसंसर्ग वाटला. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो त्यांनी परत एकदा तपासून घेतला, कारण त्यांचाच विश्वास बसेना. हाडातल्या पेशी थायरॉइडच्या होत्या, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीच्या. मग त्यांनी ताईंना घोट गिळायला सांगून गळ्यावर बोटं ठेवली. तिथं एक बारीक गाठ होती. कधी दुखली नाही, दिसली नाही, ताईंना तिचा पत्ताच नव्हता.

हे सगळं ताईंनीच मला सांगितलं, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. शेजारी त्यांचा नवरा दत्तात्रय होता. चाकणला फोर्कलिफ्ट चालवणारा, अतिशय कमी बोलणारा माणूस. थायरॉइडचा एक कॅन्सर असा रक्तातून हाडांत जातो, पाठीच्या, कमरेच्या हाडांत, पण हाताच्या अंगठ्यात म्हणजे फारच क्वचित, असं डॉक्टर म्हणाले होते. शिकाऊ डॉक्टरांचा एक घोळका ताईंचा अंगठा बघून गेला होता.

"आमच्या खानदानात कुणाचा कशात नंबर आला न्हाई," ताई म्हणाल्या. "माझा आला तो असा."

मग म्हणाल्या, "म्हंजी दिवा हितं विझायला होता, अन् तार तिथं तुटली होती." आणि गळ्याला हात लावून हसल्या. हसता हसता डोळे भरून आले. दत्तात्रय जमिनीकडं बघत होता. ताईंनी ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, टोक तर सापडलं."

डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला, अंगठा किती राहील? रोग अजून तरी त्या एकाच हाडात दिसत होता, तेव्हा ते टोक काढून टाकलं तर पुढची आशा जास्त, असं डॉक्टर म्हणाले, आणि पेनानं अंगठ्याच्या सांध्यावर रेघ ओढून दाखवली. ताईंनी उरलेला भाग वाकवून बघितला. "तेवढ्यात भागवीन," म्हणाल्या.

आधी गळ्यातली ग्रंथी काढली, मग अंगठ्याचं टोक. त्यानंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस होता. त्याची गंमत ताई येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायच्या. "त्या पेशींना आयोडीन लई आवडतंय. म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवायचं, अन् भुकेजल्या की विषारी आयोडीन वाढायचं. डॉक्टर लोक लई बेरकी असतेत." पेशींना उपाशी ठेवायचं म्हणजे ताईंनी आयोडीनचं मीठ, दूध, अंडी, बेकरीचं काही खायचं नाही. दत्तात्रय आयोडीन नसलेलं मीठ शोधत भोसरीतली दुकानं पालथी घालत होता. प्रत्येक दुकानदार पुडी पुढं करून सांगायचा, हेच घ्या, यात आयोडीन आहे. शेवटी मीठ मिळालं. दत्तात्रय स्वयंपाकाला उभा राहिला आणि स्वतःही तेच खाऊ लागला. मी भेटायला गेलो तर ताई अंथरुणावर पडून होत्या. ग्रंथी काढल्यावर रोज घ्यायची थायरॉइडची गोळी डोस होईपर्यंत बंद होती म्हणून चेहरा सुजलेला, हात उचलायचीही ताकद नव्हती.

"कशी झाली भाजी?" दत्तात्रयनं विचारलं.

"कुकरचं झाकण ओढून बघितलं व्हतं का?" ताई कशाबशा पुटपुटल्या.

"बघितलं," तो म्हणाला. तो खरोखरच ओढून बघत असे.

डोस दिल्यावर त्यांना काही दिवस बंद खोलीत एकटं राहावं लागलं. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचे. अंगातून किरणं बाहेर पडतात म्हणून जवळ कुणी जायचं नाही. ऑपरेशननंतर आवाज बसला होता तो अजून उठला नव्हता. एका दुपारी चहाच्या सुट्टीत शोभानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळी लाइन भोवती जमली. बराच वेळ नुसती खरखर आली आणि मग एक घोगरा, फाटका आवाज आला, "माझ्या जागंवर कोण बसलंय? ओढायलीस का नुसतं ढकलायलीस?"

"ओढतोय गं बाई," शोभा फोनवर ओरडली. "आमी समद्या ओढतोय! तू बरी व्हय आधी!" आणि ओठ चावत बाजूला झाली. ज्या आवाजानं ही लाइन चालायची त्याची ती अवस्था झाली होती.

स्कॅनमध्ये दुसरीकडं कुठं काही दिसलं नाही. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, हा रोग पुन्हा कुठल्याही हाडात डोकं वर काढू शकतो, कुठं दुखलं, सुजलं तर लगेच यायचं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी जन्माची मागं लागली. आवाज बराचसा परत आला. आणि एका सोमवारी पिंपळे गुरवच्या थांब्यावर ताई बसमध्ये चढल्या, वळल्या आणि डाव्या हातानं दार ओढून बघितलं. ड्रायव्हरनं जोरात हॉर्न वाजवला.

पाटकर साहेबांनी त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं. पगार तोच. पाटकर मनापासून म्हणत होते.

"साहेब, उपकार झाले," ताई म्हणाल्या. "पण मी खुर्चीवर बसले की पोरी म्हणतील ताईचं संपलं. अन् रोज ऐकून मलाबी तसंच वाटाय लागंल. मला लाइनवर जाऊ द्या."

लांब रजेवरून आलेल्याला आमच्याकडं परत परीक्षा द्यावी लागते. पाटकर म्हणाले, मी सही करतो, तुम्हाला कशाला परीक्षा. ताई तिथून उठल्या त्या सरळ माझ्या खोलीत आल्या आणि दंड पुढं केला. "पट्टी बांधा सर."

मी बांधली. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

उजव्या अंगठ्यात आता ढकलायला टोकच नव्हतं. ताई डाव्यानं शिकू लागल्या. गावाकडून नुकत्याच आलेल्या मुलींच्या रांगेत बसून, त्यांच्यासारख्याच चुकत. डाव्या अंगठ्याला ना जोर होता ना नेम. टर्मिनल तिरकं जायचं, खटका वाजायचा नाही. मुली घरी गेल्या तरी बसची वेळ होईपर्यंत त्या बसून राहायच्या. पहिल्या परीक्षेत शेवटचं टर्मिनल ओढल्यावर अलगद हातात आलं. मी नापास लिहिलं. शोभा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. "मानूस हाय का कोन तुमी?" एवढंच म्हणाली. ताई मात्र म्हणाल्या, "बरोबर केलंत. माझी पट्टी मीच सोडवीन."

आणि मग डावा अंगठा सुजला.

आधी शोभाला दिसलं. ती नुसती बघत राहिली. मग शेजारणीनं बघितलं. बघता बघता सगळी लाइन गप्प झाली. पिवळी पट्टी दंडावर होतीच, पण थट्टा कुणाच्या तोंडून फुटेना. ताईंनी मान वर केली.

"काय झालं? बोला की. नवी पोरगी आली म्हणा."

ताईंनी अंगठा उजेडात धरला, दाबून बघितला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. "असंल बी नव्या कामाचं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण वाटून चालत न्हाई." हातातला कनेक्टर खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशीची रजा मागायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी लाइनवर काम चाललं होतं, पण कसं ते विचारू नका. मी एकाच मुलीची हजेरी दोनदा घेतली. शोभा कुणाशी धड बोलत नव्हती. मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. इतकं सगळं सोसून झाल्यावर परत अंगठाच कशाला, असं मनात येत होतं.

चहाच्या सुट्टीनंतर ताई आल्या. हॉस्पिटलातून थेट रिक्षानं आल्या होत्या. बाहेरच्याच कपड्यांत, डोक्याला टोपी नाही. टोपी नसली की मुलींना दारातून परत पाठवणाऱ्या ताई तशाच आत घुसल्या आणि डावा अंगठा उंच धरून लाइनच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"हाड साफ हाय!" तो अर्धामुर्धा आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला. "डॉक्टर म्हणले, बाई, हाताला नवीन काम लावलं का काही? म्हणलं व्हय! नवीनच लागलेय मी!"

"आली गं आली..." शोभानं सुरुवात केली, पण पुढचं तिला म्हणता येईना. ती ताईंच्या गळ्यात पडून रडायला लागली. मग बाकीच्यांनीच ते पुरं केलं, सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवत. काचेच्या केबिनमधून पाटकरांनी लाइन थांबलेली बघितली आणि पाठ फिरवून कुणाला तरी फोन लावल्यासारखं केलं. सुजलेला अंगठा बघून एवढा आनंद झालेली माणसं मी पुन्हा कधी बघितली नाहीत. हळद-चुना कालवला गेला. ताई तो लेप लावून टेपिंगला जाऊन बसल्या, आणि बसमध्ये जो भेटेल त्याला अंगठा दाखवत राहिल्या.

त्याच सुमारास माझी बदली दुसऱ्या प्लांटला झाली. महाळुंग्यातल्या माझ्या शेवटच्या दिवशी ताई माझ्या खोलीत आल्या. डावा अंगठा माझ्यासमोर धरला. सूज उतरली होती, कातडं सैल पडून सुरकुतलं होतं.

"टेपिंगला बसले अन् उतरला बघा," त्या म्हणाल्या. "परीक्षा तुम्हीच घ्या. नवीन सर दया दाखवतील."

मी कनेक्टर आणि तारा पुढं ठेवल्या. त्या बसल्या, पट्टी दंडावर जरा वर सारली आणि सुरू झाल्या. सगळी टर्मिनलं बसली, शेवटचं राहिलं. बाहेर बस लागली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. डाव्या अंगठ्यानं टर्मिनल ढकललं, मान कलती करून ऐकलं. खटका मलाही ऐकू आला.

"बसलं ताई," मी म्हणालो.

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि तार ओढून बघितली.